गाडी लागणाऱ्या कुत्रीला गोळी: किती, कधी आणि कोणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा. चिंगी अडीच वर्षांची, वजन १५ किलो. गाडीत बसवली की वीस मिनिटांत उलटी ठरलेली. मागच्या वर्षी तिचं पोट बिघडलं होतं तेव्हा डॉक्टरांनी मॅरोपिटंटच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज अर्धी. उलट्या लगेच थांबल्या. त्यातल्या दोन उरल्या होत्या, म्हणून परवा तिला गाडीत चढवताना अर्धी दिली, रिकाम्या पोटी. उपयोग शून्य. लाळेने सीट भिजली आणि उलटीही झाली. आता शनिवारी पहाटे सहाला निघून पाच तास जायचं आहे, रविवारी संध्याकाळी परत. गोळी जुनी होऊन वाया गेली का? माणसांची प्रवासाची गोळी देऊन बघू का?

गोळी बहुधा चांगलीच होती. पट्टीवरची मुदत तेवढी बघून घ्या. चुकलं ते डोसात, वेळेत आणि रिकाम्या पोटात. माणसांची गोळी मात्र नको, त्याचं कारण पुढे देते.

आधी डोस, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. मॅरोपिटंटचे, म्हणजे सेरेनिया नावाने मिळणाऱ्या औषधाचे, कुत्र्यांसाठी दोन वेगवेगळे डोस आहेत. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांना तोंडाने किलोमागे २ मिलिग्रॅम. गाडी लागू नये म्हणून किलोमागे ८ मिलिग्रॅम. सरळ चौपट. चिंगीचा हिशोब मांडा: १५ गुणिले २ म्हणजे ३० मिलिग्रॅम, तीच तुमची अर्धी गोळी. १५ गुणिले ८ म्हणजे १२०, म्हणजे ६० च्या पूर्ण दोन. तुम्ही तिला एक चतुर्थांश औषध दिलंत आणि औषधाला नापास केलंत. तुमचा दोष नाही. पाकिटावर मागच्या वेळी "रोज अर्धी" असं लिहिलेलं असतं, आणि तेच डोक्यात बसतं. "ही गोळी आमच्या कुत्र्याला लागूच पडत नाही" असं सांगत माझ्या दवाखान्यात जे येतात, त्यांना मी पहिला प्रश्न "किती दिली होती?" हाच विचारते. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

आता लगेच घरातल्या उरलेल्या गोळ्या एकत्र करून देऊ नका. तुमच्याकडे दीडच उरली आहे, म्हणजे ९० मिलिग्रॅम. जाण्या-येण्याच्या मिळून चार पूर्ण गोळ्या लागतील, आणि मुळात हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. वजन आजचं हवं, मागच्या वर्षीचं नको. वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग तिला उचलून घेऊन. दोन्हींतला फरक म्हणजे तिचं वजन. तो आकडा घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा आणि "गाडीसाठी हवी आहे" असं स्पष्ट सांगा. नुसतं "उलटीची गोळी द्या" म्हणालात तर पुन्हा अर्धीच मिळेल.

चौपट डोस ऐकून काही जण दचकतात, आणि थोडं दचकलेलं बरंच. ही गोळी पोटातून आतड्यात आणि तिथून यकृतात जाते. यकृत तिचा बराचसा भाग रक्तात पोचायच्या आधीच मोडून टाकतं. किलोमागे २ मिलिग्रॅम दिली तर त्यातला सुमारे २४ टक्केच भाग रक्तात येतो. ८ मिलिग्रॅम दिली की यकृताचा हात अपुरा पडतो आणि सुमारे ३७ टक्के येतो. म्हणजे गोळी चौपट, पण रक्तात पोचणारं औषध जवळजवळ सहापट. म्हणूनच "दोन दिल्या, अजून एक देऊन बघू" हा प्रयोग या औषधावर करायचा नाही. आणि ज्या कुत्र्याचं यकृत आधीच थकलेलं आहे, त्याच्या बाबतीत हा हिशोब आणखी बिघडतो.

आता वेळ. गाडीत चढवताना दिलेली गोळी म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छत्री विकत घ्यायला निघाल्यासारखं. निघण्याआधी निदान एक तास, आणि जमलं तर दोन तास, गोळी पोटात गेलेली हवी. मी स्वतः दोन तासच सांगते. त्याचं एक कारण असं की या मोठ्या डोसाने काही कुत्र्यांना गोळी घेतल्यावरच उलटी होते, आणि ती सहसा पहिल्या दोन तासांत होते. गाडी लागू नये म्हणून दिलेल्या गोळीनेच उलटी! लोक चिडतात, पण हा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. तो घरी अंगणात झाला तर पुसून मोकळं होता येतं.

हे टाळण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पोट रिकामं न ठेवणं. गोळीबरोबर चिमूटभर नाही आणि वाटीभरही नाही, असं दोन-तीन घास खाणं द्यायचं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या कुत्र्याला ही गोळी त्रास देण्याची शक्यता जास्त असते. उलट, निघण्याआधी पोटभर जेवणही नको. मोठं जेवण आणि प्रवास यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा. गोळी खाण्यात गुंडाळून, विशेषतः चरबीच्या गोळ्यात लपेटून, देऊ नका. ती विरघळायला वेळ लागतो आणि सगळं वेळापत्रक चुकतं. आधी एक घास, मग जिभेच्या मुळाशी गोळी, मग लगेच दुसरा घास. दुसरा घास समोर दिसत असला की पहिला गिळायची कुत्र्यांना घाई होते.

गोळी पट्टीतून दाबून काढू नका, चुरा होतो. मागचा कागद सोलून काढा आणि नंतर हात धुवा, कारण हे औषध डोळ्यांना झोंबतं. मधोमध खाच असते, त्यामुळे अर्धी करायची झाली तर तिथून नीट मोडते.

तुमचा प्रवास पहाटे सहाचा आहे, म्हणजे दोन तास आधी धरलं तर पहाटे चार. या औषधाचा परिणाम निदान बारा तास टिकतो, म्हणून पहाटेच्या प्रवासासाठी आदल्या रात्रीही ते देता येतं. पण तुमच्या बाबतीत मी ते करणार नाही. रात्री दहाला दिली तर सकाळी दहाला बारा तास भरतात, आणि तुमचा शेवटचा एक तास उरतो. वळणांचा रस्ता बहुधा त्याच तासात असतो, निदान माझा तसा अनुभव आहे. गजर लावा, चारला उठा, घास आणि गोळी द्या, फिरवून आणा. रविवारी संध्याकाळी निघण्याआधी दोन तास दुसरा डोस. शनिवार पहाट ते रविवार दुपार हे अंतर चोवीस तासांहून जास्त होतं, तेव्हा ते ठीक आहे. गाडीसाठीचा हा डोस लागोपाठ दोनच दिवस देता येतो. सोमवारीही कुठे जायचं ठरलं तर तिसरा डोस मनाने देऊ नका.

आता लाळेबद्दल, कारण मला तुमच्या प्रश्नातली तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. ती समजायला हे औषध नेमकं कुठे काम करतं ते बघावं लागेल.

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन लहान पिशव्या. गाडी वळते, थांबते, डुलते, तेव्हा हा कान "आपण हलतोय" असं सांगतो. पायाखालची सीट मात्र स्थिर, आणि डोळ्यांना गाडीचा आतला भागही स्थिर दिसतो. या न जुळणाऱ्या बातम्यांनी मेंदूचा गोंधळ उडतो आणि तो पोटावर राग काढतो. ज्यांची कानातली ही यंत्रणा निकामी झालेली असते, त्या कुत्र्यांना गाडी लागत नाही आणि तशा माणसांनाही लागत नाही. पिल्लांमध्ये ही यंत्रणा अजून घडत असते, म्हणून पिल्लांना गाडी जास्त लागते आणि वर्षभरात बऱ्याच जणांची खोड आपोआप जाते. चिंगी अडीच वर्षांची आहे, तेव्हा "मोठी झाली की थांबेल" याची वाट बघण्यात आता फारसा अर्थ नाही.

मेंदूच्या खालच्या भागात उलटीचं केंद्र आहे. कानातून, पोटातून, रक्तातल्या विषातून, भीतीतून, अशा वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या बातम्या शेवटी तिथेच येतात. तिथलं शेवटचं फाटक ज्या किल्लीने उघडतं तिचं नाव सब्स्टन्स पी. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी १९३१ मध्ये ती घोड्याच्या आतड्यातून आणि मेंदूतून काढली. गंमत अशी की घोडा हा प्राणी उलटी करूच शकत नाही. मॅरोपिटंट त्या फाटकाच्या कुलुपात जाऊन बसतं आणि किल्लीला जागा देत नाही. युरोपात २००६ साली आणि अमेरिकेत २००७ साली त्याला मान्यता मिळाली. त्याआधी आमच्याकडे गाडीसाठी जे काही होतं, ते मुख्यतः कुत्र्याला झोपवून काम भागवणारं होतं.

आता नीट बघा. फाटक बंद झालं म्हणजे उलटी होणार नाही. पण फाटकाच्या अलीकडे जी मळमळ साठली आहे ती कुठे गेली? ती बऱ्याचदा तिथेच असते. म्हणून पूर्ण डोस, अचूक वेळ, सगळं पाळूनही काही कुत्री लाळ गाळतात, ओठ चाटतात, जांभया देतात, पुन्हा पुन्हा आवंढा गिळतात. सीट कोरडी आहे म्हणजे कुत्रं आनंदात आहे असं नव्हे. मालक खूश आणि कुत्रं कसनुसं, हे चित्र मी खूप वेळा बघितलं आहे. लाळ चालूच राहिली तर तुमच्या डॉक्टरांना तेवढंच सांगा: "उलटी थांबली, लाळ थांबली नाही." त्या एका वाक्यावरून पुढचं औषध बदलतं.

आणि एक पाहणी तुम्ही शनिवारच्या आधी करायची आहे. गाडी घराबाहेर बंद उभी असताना चिंगीला तिच्याजवळ न्या. दार उघडा. इंजिन सुरू करू नका. तिचं तोंड बघा. कान मागे जातात का? ओठांच्या कडा ओल्या होतात का? शेपूट पोटाखाली जाते का? गाडी एक इंचही हललेली नसताना हे दिसलं, तर कानातल्या यंत्रणेचा इथे काही संबंध नाही. ती घाबरलेली आहे. वीस-पंचवीस वेळा गाडीत मळमळलेल्या कुत्रीला गाडीचा वास, किल्लीचा आवाज एवढंसुद्धा पुरतं. किल्लीचा जुडगा खणखणला की पलंगाखाली जाऊन बसणारी कुत्री मी बघितली आहेत.

ही दोन दुखणी एकमेकांत अडकलेली असतात आणि ती सोडवण्याचा क्रम उलटा चालत नाही. आधी उलटी थांबवावी लागते, मगच भीती जाते. रोज उलटी होत असताना "गाडी चांगली असते" हे तिला पटवणं अशक्य आहे. म्हणून गोळीच्या आधाराने पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या, शेवटी काहीतरी तिच्या आवडीचं, मैदान किंवा मोकळं फिरणं. दवाखान्यात थांबणारी फेरी यात धरू नका! मध्ये जे दिवस गोळी नाही, त्या दिवशी बंद गाडीत नुसतं बसणं, खाऊ, आणि बाहेर. लाळ सुटायच्या आधी बाहेर. हे काम आठवड्यांचं आहे, शनिवारपर्यंत होणार नाही, आणि मी खोटी आशा देत नाही. शनिवारपुरतं, पाहणीत भीती दिसली तर डॉक्टरांना विचारून चिंता कमी करणारं औषध जोडीला घेता येतं. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन यांचा विचार होतो. चिंगीला इतर काही औषध चालू असेल तर तेही सांगा.

भीतीवर म्हणून जुनं अ‍ॅसेप्रोमॅझिन मात्र मी देत नाही. ते कुत्र्याला गुंगवतं, रक्तदाब उतरवतं, पण भीती आत तशीच राहते. बाहेरून शांत दिसणारं कुत्रं आतून घाबरलेलंच असतं आणि हलू शकत नाही. कॉली आणि तिच्या जातकुळीतल्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. त्यांना हे औषध नेहमीच्या डोसातही फार चढतं, आणि बॉक्सर जातीच्या कुत्र्यांनाही जपूनच द्यावं लागतं.

माणसांच्या गोळ्यांचं. प्रवासाच्या बहुतेक गोळ्या अ‍ॅलर्जीविरोधी गटातल्या असतात: डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन वगैरे. कानाकडून येणाऱ्या वाटेवर त्या काम करतात, आणि कुत्र्यांतही पशुवैद्य त्या कधीकधी वापरतात. म्हणजे त्या विष नाहीत. पण मॅरोपिटंटइतका भरवसा त्यांचा नाही, कुत्रं पेंगुळतं, काचबिंदू असलेल्या किंवा लघवी अडणाऱ्या कुत्र्याला त्या त्रासदायक ठरतात. खरा धोका वेगळाच आहे. दुकानातल्या गोळीत आणि सिरपमध्ये दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. सर्दीच्या मिश्रणातलं स्यूडोएफेड्रिन किंवा साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल, दोन्ही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. कानामागे चिकटवायची स्कोपोलामिनची पट्टी तर घरात असेल तर कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवा, ती चघळणं धोक्याचं आहे. मेटोक्लोप्रमाइड आणि ओन्डान्सेट्रॉन ही उलटीची चांगली औषधं आहेत, पण त्यांचा जोर पोटाच्या आणि रक्तातल्या विषाच्या वाटेवर आहे. गाडीसाठी पहिली निवड ती नव्हेत. मळमळ उरली तर ओन्डान्सेट्रॉन मी कधीकधी जोडीला देते.

आता जे सांगायचं आहे ते मला माझ्याच चुकीतून शिकायला मिळालं.

दवाखाना सुरू करून मला तीनच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी एक तरुण, तगडा कुत्रा आला. सकाळपासून चार उलट्या. पोट दाबून बघितलं, थोडं ताठ वाटलं, पण तो घाबरलाही होता, म्हणून मी ते घाबरण्यात घातलं. मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिलं. ते झोंबतं, औषध फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचलं तर कमी झोंबतं, ते मी तेव्हाही पाळलं होतं. कुत्रा गेला. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन: "एकही उलटी नाही, डॉक्टर, कमाल आहे." मी खूश. तिसऱ्या दिवशीही उलटी नाही, पण तो खात नव्हता, कोपऱ्यात पडून होता. चौथ्या दिवशी आणला तेव्हा हिरड्या फिक्या आणि चिकट, पोटाला हात लावू देत नव्हता. सोनोग्राफीत आतड्यात काहीतरी अडकलेलं. उघडलं तर पायमोजा. आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. कुत्रा वाचला, पण पहिल्या दिवशी एक एक्स-रे काढला असता तर नुसता मोजा निघाला असता.

औषधाने आपलं काम चोख केलं होतं. फाटक बंद ठेवलं होतं. फाटकामागे काय अडकलं आहे ते बघणं माझं काम होतं. त्यानंतर पोटात काही गेल्याची किंवा विषबाधेची थोडी जरी शंका असली तर आधी तपास, मग हे औषध, असा माझा नियम आहे. घरात उरलेल्या गोळ्या मी लोकांना म्हणूनच ठेवू देत नाही. गाडीसाठी आणलेली गोळी पुढच्या महिन्यात घरात उलटी झाली म्हणून दिली जाते आणि आजार तीन दिवस लपून राहतो. तुमच्याकडची ती दीड गोळीही दवाखान्यात परत द्या.

याच कारणासाठी एक फरक लक्षात ठेवा. गाडी सुरू असताना होते आणि उतरल्यावर अर्ध्या-एक तासात कुत्रं पूर्ववत होतं, ती गाडीची उलटी. उतरल्यानंतरही चालू राहते, रक्त येतं, जुलाब होतात, पोट फुगतं, ती गाडीची नाही. एखाद्या मोठ्या, वयस्कर कुत्र्याला आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती आणि आता अचानक लागायला लागली, तर मी आधी कान बघते. मान एका बाजूला झुकणं, डोळ्यांची बुबुळं एका लयीत थरथरणं, चालताना झोक जाणं, यांतलं काही असेल तर तो कानाच्या आतला किंवा मेंदूचा आजार, गोळीने दाबायची गोष्ट नव्हे.

हे औषध कोणाला देताना मी थांबते? चार महिन्यांखालच्या पिल्लाला गाडीसाठी देत नाही. अकरा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांच्या अभ्यासात हाडांच्या मगजावर परिणाम दिसला होता, म्हणून लहान वयाची ही मर्यादा गंमत म्हणून घेऊ नये. यकृताचा आजार असेल तर जपून, का ते वर आलंच. हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय ठरवणाऱ्या काही वाटांवर या औषधाचा थोडा परिणाम होतो. अम्लोडिपीनसारखं रक्तदाबाचं औषध चालू असेल तर ते सांगायलाच हवं. गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीत त्याची सुरक्षितता तपासलेली नाही, म्हणून तिथे मी गाडीच टाळायला सांगते. दुखण्याच्या गोळ्या, फिटची औषधं, वर्तनाची औषधं चालू असली तर त्यांची नावं लिहून न्या, कारण यातली बरीचशी आणि मॅरोपिटंट रक्तात त्याच प्रथिनांना चिकटून फिरतात. तोंडी "तीच नेहमीची पांढरी गोळी" असं सांगितलं तर आम्हाला काही कळत नाही.

दुष्परिणामांत गुंगी आणि लाळ हे नेहमीचे. लाळ इथे दोन कारणांनी येऊ शकते, गोळीमुळे किंवा मळमळीमुळे, आणि पहिल्या तासात फरक ओळखणं कठीण. प्रवासाच्या आधी घरीच लाळ आली तर गोळीची शक्यता जास्त, अर्थात तुम्ही किल्ली वाजवली नसेल तर. म्हणून पहिला डोस थेट मोठ्या प्रवासाच्या दिवशी देऊ नये असं मला वाटतं. आज मंगळवार आहे. उद्याच डॉक्टरांना भेटलात तर त्यांना विचारा, शनिवारच्या आधी एखाद्या लहान फेरीवर पूर्ण डोस करून बघायचा का. लागोपाठ दोन दिवसांची मर्यादा आहे, त्यामुळे मध्ये किती दिवस सोडायचे ते त्यांनी ठरवायचं.

गोळी दिल्यावर तासाभरात उलटी झाली तर दुसरी गोळी ताबडतोब भरवू नका. उलटीत अख्खी गोळी दिसते का ते काडीने बघा, फोटो काढा, आणि फोन करा. अर्धी गोळी रक्तात गेली असली आणि वर दोन अजून दिल्या तर वर सांगितलेला सहापटीचा हिशोब आठवा.

गाडीतलं थोडक्यात. कुत्रीला पट्ट्याने किंवा पिंजऱ्यात बांधून ठेवा, शक्यतो तोंड पुढच्या दिशेला. खिडकी दोन बोटं उघडी, गाडी थंड, सुगंधी फवारे काढून टाका. आपल्याला आवडतो तो लिंबाचा वास तिच्या नाकाला असह्य असतो. खड्ड्यांच्या धक्क्यांपेक्षा संथ डुलणं जास्त लागतं, म्हणून वळणावर हळू आणि ब्रेक लांबून. दीड-दोन तासांनी थांबून दहा मिनिटं चालवा. पाणी थोडं थोडं.

रविवारची गोळी तेवढी विसरू नका. जाताना सगळं सुरळीत झालं की येताना "आता सवय झाली तिला" असं वाटून ती राहून जाते, आणि माझ्याकडे येणारे निम्मे सोमवारचे फोन त्यावरचेच असतात. संध्याकाळी पाचला निघणार असाल तर तीनला घास आणि दोन गोळ्या. मुक्कामाच्या ठिकाणी दुपारी बाराच्या जेवणानंतर तिला मोठं काही देऊ नका, पाहुण्यांच्या ताटातलं तर अजिबात नाही.